उकळलेला वस्तरा

"किसनापाशी नोको बसू रे बापा. दवाखान्यातून काहाडलं त्याले. वस्तरा घाण हाये त्याचा."

मी पडद्याच्या अलीकडे पट्ट्यांच्या घड्या घालत होते. पलीकडच्या बाकावर दोन माणसं डॉक्टरांची वाट पाहत बसली होती. दुसरा म्हणाला, दाढी वाढवून फिरीन, पण त्याच्या हाती गळा देणार नाही. दोघं हसले. मग कपाशीवरच्या किडीचं काहीतरी निघालं. मी एकच पट्टी तीनदा घडी केली आणि तीनदा सोडली.

किसनचा वस्तरा घाण नव्हता. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो वस्तरा मी स्वतः वीस मिनिटं उकळला होता.

दिवाळी अंकासाठी नर्सच्या कामाबद्दल लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा लोकांना काय अपेक्षित असेल याचा मी अंदाज केला. साथीचे दिवस, अडलेल्या बाळंतिणी, कृतज्ञ पेशंट. तेही पाहिलं आहे. पण लिहायला बसले की आधी हेच समोर येतं, म्हणून हेच लिहिते.

पुसदला आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि दवाखान्यातल्या छापील फॉर्मांवर अजून जुन्याच राज्याचं नाव होतं. मी नागपूरची, शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत. घरी मराठी बोलायचो, पण जे शिकले ते इंग्रजीतून, त्यामुळे वॉर्डात माझं मराठी पुस्तकी वाटायचं. "आपल्याला वेदना होत आहेत का?" असं मी विचारलं की पेशंट आधी मागे वळून पाहायचे, बाई कोणाशी बोलून राह्यली म्हणून. मी बोलणंच कमी केलं. पाहायला मात्र भरपूर मिळत होतं.

दवाखाना लहान होता. रोजचं काम आमचे डॉक्टरसाहेब बघायचे. मोठी ऑपरेशनं करायला यवतमाळहून एक सर्जन पंधरवड्यातून एका बुधवारी येत. त्यांच्या येण्याआधी, म्हणजे मंगळवारी दुपारी, पेशंटची तयारी व्हायची. जिथे कापायचं तिथले केस काढणं हा तयारीतला मोठा भाग. हे काम किसनचं.

किसन पन्नाशीचा होता. सकाळी बाजारात लिंबाखाली बसायचा आणि दुपारी धोकटी घेऊन दवाखान्यात यायचा. दवाखान्यासाठी त्याने एक वस्तरा वेगळा ठेवला होता. तो बाजारातल्या हनुवटीला कधी लागला नाही. काम झालं की धुवायचा, कोरडा करायचा, बोटभर खोबरेल लावायचा आणि फडक्यात गुंडाळून आमच्याच कपाटात ठेवायचा. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे, म्हणून खात्रीने सांगते.

मला हे काम शिकायला लागलं ते कौसाबाईमुळे. बैलाचं शिंग लागून तिचं डोकं फुटलं होतं. जखम शिवायची तर केस काढायला हवेत, आणि किसन दारात दिसताच तिची सासू आडवी आली. नवरा जिता आहे तिचा, न्हावी डोक्याला हात लावणार नाही. डॉक्टरसाहेब रागावले, पण सासूचं चूक नव्हतं. न्हाव्याने बाईच्या डोक्याला वस्तरा लावायचा तो एकाच प्रसंगी, हे त्या वॉर्डातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. किसन स्वतःच दोन पावलं मागे सरला. शेवटी मी कात्रीने कसंबसं कातरलं. जखम शिवली गेली, पण मेट्रनबाईंनी ठरवलं की एका तरी नर्सने वस्तरा धरायला शिकायचं. सगळ्यांत नवी मी होते.

किसनने मला पहिला महिना माणसाजवळ फिरकू दिलं नाही. भरताचं मोठं वांगं आणायला सांगितलं. त्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने काढायचा. वांग्याची साल इतकी पातळ असते की जरा हात जड झाला की पांढरी रेघ उमटते. मी रोज एक वांगं घेऊन स्टोअरच्या ओट्यावर बसायची. वॉर्डातल्या बाया विचारायच्या, सिस्टरबाई, आज वांग्याचं ऑपरेशन काय? स्वयंपाकीण माझ्या रेघा मोजायची आणि वांगं भाजीला घेऊन जायची.

वांग्यावर रेघ येईना तेव्हा त्याने स्वतःचा हात पुढे केला.

ज्यांना फक्त सेफ्टी रेझर माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. वस्तऱ्याने दाढी केल्यावर कातडी जळते, लाल होते, बारीक पुळ्या येतात. याला लोक वस्तऱ्याचा दोष म्हणतात. बहुतेक वेळा दोष घाईचा असतो. किसन निम्मा वेळ केस भिजवण्यात घालवायचा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं चेहऱ्यावर ठेवायचं, निवलं की दुसरं. मग फेस, आणि तो ब्रश गोल फिरवून केसाच्या मुळाशी पोचवायचा. "केस मऊ झाला का तो सोताच पडते," तो म्हणायचा, "आपण फकत वाट दाखवाची." वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर वीस-पंचवीस वेळा ओढायचा, पात्याची बोथट पाठ पुढे करून. वस्तरा कातडीवर जवळजवळ आडवा ठेवायचा, उभा केला की खरवडतो. डाव्या हाताने कातडी ताणायची. एका ओढीचा हात जेवढा छोटा तेवढा बरा. जोर अजिबात द्यायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, केस ज्या बाजूला झुकलेला आहे त्याच बाजूला वस्तरा चालवायचा. गालावर केस खाली जातात, पण गळ्यावर प्रत्येकाचे वेगळे. कुणाचे वर, कुणाचे आडवे, कुणाचे भोवऱ्यासारखे. म्हणून आधी कोरड्या हाताने गळा चाचपून पाहायचा. उलटा वस्तरा फिरवला की चेहरा गुळगुळीत दिसतो, पण केस कातडीच्या आत कापला जातो आणि वाढताना आतल्या आत वळतो. दुसऱ्या दिवशी पुळी. शेवटी थंड पाणी, ओली तुरटी, आणि पुन्हा पाणी.

माझ्या पहिल्या खऱ्या पेशंटांपैकी एक गुरुजी होते. हनुवटीवर गळू. मी वस्तरा चालवत असताना ते मला डोळे मिटून सूचना देत होते, डावीकडे, हळू, शाबास, जणू मी फळ्यावर गणित सोडवत होते. उठल्यावर त्यांनी आरशात पाहिलं आणि किसनला म्हणाले, विद्यार्थिनी उत्तीर्ण. किसन त्या दिवशी बाजारात सगळ्यांना सांगत फिरला असं मला नंतर कळलं. नंतर आणखी दोन बायांची डोकी मी केली. जखमेभोवती चार बोटं जागा फक्त, बाकीच्या केसांची वेणी अशी घालायची की वरून काही दिसू नये. त्यांच्या सासवा आडव्या आल्या नाहीत. मला अभिमान वाटायला लागला होता. तो दिसू नये एवढीच मी काळजी घेत असे.

मग हिरासिंग आले. पुसदपासून दहा-बारा मैलांवरच्या बंजारा तांड्यातले, साठीचे, जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. त्यांचे आजोबा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. हिरासिंगांची स्वतःची शेती होती आणि फिरण्यापैकी त्यांच्याकडे फक्त गोष्टी उरल्या होत्या. मला ते याडी म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. गळ्याला चाकू लावून घ्यायला तांड्यात कुणी तयार नव्हतं, ते एकटे तयार झाले होते. बायको जमनी रोज त्यांना म्हणायची, घरी चला.

मंगळवारी किसनला एका खेड्यात जावळाला जायचं होतं. यजमान जुना होता, नाही म्हणता येत नव्हतं. जाताना त्याने हिरासिंगांची दाढी बोटांनी चाचपून पाहिली आणि मला म्हणाला, "सिस्टरबाई, याले हात नोका लावू. लय राठ हाये, अन गयावर भोवरा हाये. मी पाच वाजेलोक येतो."

मेट्रनबाई त्या दिवशी गावात नव्हत्या. तयारीची वेळ चारची होती. मी साडेतीन वाजता ठरवलं की मी करीन. सर्जन विचारतील, तयारी कोणी केली, आणि मी सांगीन. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी बरेच दिवस शोधलं, सापडलं नाही.

किसनचा वस्तरा कपाटात होता. माझ्या पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं, कातडीला लागणारं प्रत्येक हत्यार वीस मिनिटं उकळावं. किसन तो कधी उकळत नसे. मला ते मनातून खटकायचं आणि आज माझ्या पद्धतीने होणार याचं मला समाधान वाटलं. मी वस्तरा उकळला. पातेल्यात तो चिमट्या-कात्र्यांवर आपटत राहिला. उकळत्या पाण्याने आणि त्या आपटण्याने धार गेली, हे मला तेव्हा कळलं नाही. चामड्याचा पट्टा घाणेरडा, म्हणून पट्ट्यावर ओढला नाही. गरम फडक्याला वेळ नव्हता. साबण घेतला तो फरशी धुवायचा, कार्बोलिकचा, कारण त्याने जंतू मरतात.

वस्तरा अडायला लागला तेव्हा मी जोर दिला. तरी खुंट राहिले तेव्हा उलटा फिरवला, गळ्यापासून जबड्याकडे. हिरासिंगांनी खाटेची दांडी धरून ठेवली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी विचारलं, दुखतं का? ते म्हणाले, नाही याडी, तू कर. मग मी टिंक्चर आयोडीन लावलं. पुस्तकात दोनदा लिहिलं होतं, दोनदा लावलं.

किसन पाचला आला. खाटेजवळ गेला, पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वस्तरा उचलून उजेडात धरला आणि नखावरून अलगद फिरवला.

"पाण्यात टाकला होता काय?"

मी म्हटलं, तसा नियम आहे. त्याने उकळून थंड केलेलं पाणी मागून घेतलं, हिरासिंगांच्या गळ्यावरचं आयोडीन जमेल तेवढं पुसलं, खोबरेल लावलं. मग वस्तरा खिशात घालून गेला. त्या वस्तऱ्याला पुन्हा धार लावायला त्याला दोन दिवस लागले असणार.

सकाळी सर्जनांनी पट्टी काढली. जबड्यापासून गळ्यापर्यंत कातडी लालभडक, कुठे सोललेली, आणि भोवऱ्याच्या जागी पुळ्या, काहींत पू. ते म्हणाले, अशा कातडीतून मी चाकू घालणार नाही, पुढच्या खेपेला बघू. जमनीने कपडे गोळा करायला सुरुवात केली.

मेट्रनबाई इंग्रजीत म्हणाल्या, हा आमचा न्हावी. ही माणसं बाजारात शंभर हनुवट्यांना लावलेला वस्तरा इथे आणतात, मी किती दिवस सांगते आहे. त्यांनी बोट दाराकडे केलं. दारात किसन उभा होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, बोट कळलं. सर्जनांनी मान हलवली. त्या खोलीत इंग्रजी समजणारी तिसरी मीच होते आणि पाठ्यपुस्तकाप्रमाणे माझे हात धुतलेले होते.

कुणी विचारलं नाही, दाढी कोणी केली. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मेट्रनबाईंनी मराठीत किसनला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. किसनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहावी तसं पाहिलं. मी ट्रेवरच्या कात्र्या सरळ केल्या. तो धोकटी उचलून गेला.

त्या दिवसांत हिरासिंग घरी गेले नाहीत, याचं श्रेय त्यांचंच. मी रोज त्यांच्या गळ्याची पट्टी बदलायची. शेजारच्या खाटेवर कापसाच्या जिनिंग गिरणीतला एक कारकून होता. त्याने विचारलं, बाबा, कोण्या न्हाव्यानं केलं हे? हिरासिंगांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "काय मालूम भाऊ. चामडीच बुढी झाली माही." मी पट्टी बांधली. गाठ नीट बसली नाही, पुन्हा बांधली.

बाकावरची ती दोन माणसं बोलली ती किसनला काढल्यानंतर आठ दिवसांनी. तोवर मी स्वतःला समजावलं होतं की किसनचं दवाखान्यातलं काम तेवढं गेलं, बाजारातलं तर आहे. आता कळलं की तेही नाही. न्हाव्याकडे माणूस गळा देतो तो विश्वासावर, आणि तो विश्वास दवाखान्याच्या नावाने मोडला गेला होता.

त्याच दुपारी मी मेट्रनबाईंकडे गेले आणि सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, त्या भाषेत मला लाज कमी वाटते. त्यांनी चष्मा काढून ठेवला. विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे? मग म्हणाल्या, झालं ते झालं. नर्सने पेशंट बिघडवला हे गावात कळलं तर उद्या बाया तुझ्यासमोर डोकं धरणार नाहीत. न्हाव्याला काम कुठेही मिळेल. पुढच्या मंगळवारी हिरासिंगची तयारी तूच कर, या वेळी नीट कर.

खोलीतून बाहेर आल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. सांगायचं ते मी सांगितलं होतं, आणि काहीही झालं नव्हतं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या चार-पाच मिनिटांची. मी वऱ्हांड्यातून चालत गेले आणि पाणी प्यायले, आणि पाणी चांगलं लागलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी काही मोठं केलं असा कुणाचा समज होणार नाही. हिरासिंगांची दुसऱ्यांदा दाढी मीच केली, किसनने शिकवली होती तशी, चार फडकी गरम पाण्याची, उलटा हात एकही नाही, आणि एक पुळी आली नाही. गाठ निघाली, साधी होती. किसन मात्र दवाखान्यात परत आला नाही. मेट्रनबाई वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. बाजारात किसनची गिऱ्हाइकं हळूहळू परत आली, सगळी नाही.

हिरासिंगांच्या दुसऱ्या दाढीचा तो मंगळवार बाजाराचा दिवस होता. मी सकाळीच निघाले. निमित्त असं की वस्तरा मागायचा आणि जमलं तर त्यालाच बोलवायचं. वस्तरा कुणाकडूनही मिळाला असता. लिंबाखाली तीन न्हावी बसत. दोघांसमोर माणसं रांगेत होती. किसनसमोर पोतं अंथरलेलं होतं, वाटीत पाणी भरलेलं होतं, आणि तो चामड्याच्या पट्ट्याला तेल चोळत बसला होता. त्या झाडाखाली बाई कधी थांबत नसे. मी थांबले तेव्हा वस्तरे थांबले. एका अर्ध्या दाढीच्या माणसाने किसनला म्हटलं, घे भाऊ, गिऱ्हाईक आलं तुले. दोघं-तिघं हसले.

किसन उठून उभा राहिला. मी हळू आवाजात सांगितलं की आज हिरासिंगांची दाढी आहे, तुम्ही या. तोही हळूच बोलला.

"नाही येत, सिस्टरबाई. मी त्या दिवशी गप बसलो थे तुमी सांगसान म्हणून. आता मी सांगतलं तर न्हावी नर्सबाईचं नाव घेऊन राह्यला म्हणतीन. वस्तरा पाहिजे तर घेऊन जा."

त्याने फडक्यात गुंडाळलेला वस्तरा पुढे केला. मी घेतला. आता परत जायचं होतं. अर्ध्या दाढीचा माणूस मान वळवून पाहत होता, त्याचा फेस वाळायला लागला होता. माझे कान तापले होते. मला वाटलं आपण चालायला लागलो आहोत, पण मी तिथेच होते. इंग्रजीतलं वाक्य तयार होतं. ते तिथे कुणाच्या कामाचं नव्हतं. मी रांगेतल्या माणसांकडे तोंड केलं आणि माझ्या त्या पुस्तकी मराठीत, पण वॉर्डाच्या टोकापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हटलं:

"दवाखान्यातल्या त्या म्हाताऱ्याची दाढी यांनी केली नाही, मी केली. हे गावात नव्हते. हात लावू नका म्हणून सांगून गेले होते. यांचा वस्तरा चांगला होता, तो मी उकळून बिघडवला, गळ्यावर उलटा चालवला, आणि यांना काढलं तेव्हा मी समोर उभी राहून गप्प बसले."